मैत्रिणीला ल्युपस निघालाय, मी काय करू आणि काय करू नको?

सांगलीहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. मोठं होतं, थोडं कमी करून इथे देते.

"ताई, माझी कॉलेजपासूनची जिवलग मैत्रीण पुण्यात आयटीत आहे, एका मुलीबरोबर फ्लॅट शेअर करून राहते. आम्ही दोघी २७ च्या. वर्षभर तिचे सांधे दुखत होते, मधेच बारीक ताप, केस मुठीने गळायचे, सारखं तोंड यायचं. एकाने चिकनगुनियानंतरचं दुखणं म्हटलं, एकाने टेन्शन, एकाने रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. गेल्या महिन्यात ल्युपस निघाला. तेव्हापासून मी रोज तिला काही ना काही पाठवते, व्हिडिओ, डाएट चार्ट, गुळवेलाचा काढा कसा करायचा ते, आमच्याकडच्या एका वैद्यांचा नंबर. आधी थँक्स म्हणायची, आता नुसती ब्लू टिक. मागच्या रविवारी मुद्दाम पुण्याला गेले तर ती छान दिसत होती, गाल पण भरलेले, मी बोलून गेले की अगं तू तर मस्त दिसतेस, आजारी वाटतच नाहीस. तिचा चेहरा एकदम उतरला आणि मग डोकं दुखतंय म्हणून झोपूनच राहिली. घरी तिच्यासाठी स्थळं बघत होते ते थांबलंय, तिची आई मला फोन करून सांगते की कोणाला बोलू नकोस. मला रात्री झोप येत नाही, सारखं वाटतं तिला काही झालं तर. मी काय करू?"

अगं, आधी ते रात्रीचं बघू, कारण तू घाबरलेली असलीस की ती घाबरू नये म्हणून तिलाच तुझी समजूत काढत बसावं लागणार, आणि आत्ता तिच्यात तेवढं त्राण नाहीये.

मी डॉक्टर नाही. माझ्या नणंदेला ल्युपस आहे, मी लग्न होऊन या घरात आले त्याच्या आधीपासून, त्यामुळे हा आजार घरात कसा राहतो ते मी जवळून बघितलंय. आपल्या शरीराची जी प्रतिकारशक्ती जंतूंशी लढायला असते ती ल्युपसमध्ये आपल्याच अवयवांवर चालून जाते, कोणाच्या सांध्यांवर, कोणाच्या त्वचेवर, कोणाच्या किडनीवर, कोणाच्या रक्तातल्या पेशींवर. म्हणून तर दोन पेशंटचा ल्युपस एकसारखा नसतो आणि म्हणूनच निदानाला इतका वेळ लागतो. दहातल्या नऊ पेशंट बायका असतात आणि बहुतेकींना तो १५ ते ४५ च्या मधेच गाठतो, तुझ्या मैत्रिणीने काही चुकीचं खाल्लं, जागरणं केली, म्हणून झालेला नाही. संसर्गजन्य नाही, तिच्या ताटात जेवलीस, तिच्या अंथरुणावर झोपलीस तरी तुला काही होणार नाही. हे तुला माहीत असेलच, पण तिच्या आजूबाजूच्यांना नसतं, तिथे तू सांगू शकतेस. आणि कायमचा बरा होतो का, तर नाही, पण औषधांनी आटोक्यात राहतो, शांत झोपवून ठेवता येतो. १९५० च्या दशकात ल्युपसचे निम्मेच पेशंट निदानानंतर पाच वर्षं काढायचे, आज नीट उपचार घेणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त ती पाच वर्षं पार करतात आणि पुढे नोकऱ्या करतात, संसार करतात, म्हाताऱ्या होतात. माझी नणंद शाळेत शिकवते. तेव्हा तू जी शेवटची शेवटची चित्रं रात्री बघतेस ती बंद कर.

आता "मस्त दिसतेस" चं. तू प्रेमाने बोललीस, मला कळतंय, तिलाही कळलं असणार. पण वर्षभर तिने काय ऐकलंय ते बघ ना, सगळं तुझ्याच पत्रात आहे. चिकनगुनिया, टेन्शन, रक्त कमी. म्हणजे वर्षभर ती सांगतेय की मला बरं नाही आणि प्रत्येक जण तिला सांगतोय की तसं काही विशेष नाही, आणि शेवटी कुठे रिपोर्टवर नाव आलं, आता तरी लोक विश्वास ठेवतील असं वाटलं असेल, तेवढ्यात सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणते आजारी वाटतच नाहीस. आणि ते भरलेले गाल, ते बहुतेक स्टिरॉइडने आलेत. प्रेडनिसोलोन, म्हणजे ल्युपसमध्ये देतात ते स्टिरॉइड, सुरू झालं की तोंड गोल होतं, भूक वाढते, वजन वाढतं, ती आरशात रोज तेच बघत असणार आणि तिला स्वतःचा चेहरा ओळखू येत नसणार, आणि आपण म्हणतो छान झालीस. डोस कमी होत गेला की हे उतरतं, पण त्याला महिने लागतात. सत्ताविसाव्या वर्षी ते महिने फार मोठे असतात गं.

ल्युपसमधला थकवा हा बाहेरून दिसत नाही, हीच त्यातली सगळ्यात एकटं पाडणारी गोष्ट. आपण दमतो तसं ते नसतं, आपण झोपून उठलो की संपतं. तिला आठ तास झोपून सुद्धा सकाळी केस विंचरायला हात वर करवत नसेल, आणि दुपारी चार वाजता बरं वाटून ती हसत गप्पा मारेल, आणि दुसऱ्या दिवशी परत काहीच नाही. नणंदेच्या बाबतीत आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना हे कळायलाच किती वर्षं गेली, काल तर हळदीकुंकवाला बसली होती की दोन तास, आज काय झालं लगेच, हे मी या कानांनी ऐकलंय. तुझ्याकडून तिला सगळ्यात जास्त काय हवं असेल तर हे, की तुझ्यापुढे तिला आजार सिद्ध करावा लागू नये. ती म्हणाली आज नाही जमत, तर विषय संपला, का नाही, काल तर ठीक होतीस, असलं काही नाही. आणि ती हसली, बाहेर आली, तयार झाली, तरी पण आजार आहेच हे तू मनात धरून ठेवायचं. "कशी दिसतेस" ऐवजी "आजचा दिवस कसाय" विचार, आणि जे उत्तर येईल ते घे.

बरं, आता व्हिडिओ आणि काढा. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

गुळवेलाचा काढा तिला अजिबात देऊ नकोस. प्रतिकारशक्ती वाढवणारं म्हणून जे जे विकलं जातं त्यापासून ल्युपसच्या पेशंटला लांबच ठेवायचं, कारण तिची प्रतिकारशक्ती कमी पडत नाहीये, ती चुकीच्या जागी भडकलीय आणि डॉक्टर औषधं देऊन तिला शांत करायला बघतायत. कोविडमध्ये घरोघरी गुळवेल चालू झाली होती ना, तेव्हा २०२१ मध्ये मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटच्या केसेस छापल्या होत्या, आणि त्यात ज्यांना आधीपासून ऑटोइम्युन आजार, म्हणजे ल्युपससारखे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार, होते असेही पेशंट होते. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला, पण आपल्या मैत्रिणीवर तो वाद सोडवायची काही गरज नाही. तसंच अल्फाल्फा नावाने ज्या गोळ्या आणि पावडरी मिळतात, म्हणजे आपली जनावरांची लसूणघास, तिनेही ल्युपस भडकल्याची उदाहरणं आहेत. लोक नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत म्हणून आणून देतात.

आणि त्या वैद्यांचा नंबर. मला आयुर्वेदाशी भांडायचं नाही, पण एक गोष्ट मी जीव तोडून सांगते, कोणीही, अगदी कोणीही, तिला "आधी त्या इंग्रजी गोळ्या बंद कर" म्हणालं तर तिथून तिला उठवून आण. स्टिरॉइड काही आठवडे चालू राहिले की आपल्या शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड बनणं मंदावतं, मग बाहेरची गोळी एकदम बंद केली तर बीपी घसरून जिवावर बेतू शकतं, ती डॉक्टरच हळूहळू कमी करत नेतात. तिला अजून बहुतेक हायड्रॉक्सीक्लोरोक्विन पण दिलं असेल, एचसीक्यू म्हणतात, ल्युपसचा पाया म्हणजे ती गोळी. ती हळू काम करते, फरक जाणवायला सहा आठवडे ते तीन महिने सहज जातात. तुझ्या मैत्रिणीला महिनाच झालाय. म्हणजे आत्ता ती अशा टप्प्यावर आहे की गोळ्यांचे त्रास सगळे सुरू झालेत आणि फायदा अजून पुरता आलेला नाही, आणि नेमकं याच वेळी आपण सगळे तिला दुसरं काहीतरी ट्राय कर म्हणून सांगत असतो. तू त्यातली एक होऊ नकोस. एवढंच कर.

रोजचे फॉरवर्ड पण थांबव. प्रत्येक लिंकबरोबर तिला वाटतं की अजून एक गोष्ट मी करत नाहीये, आणि ल्युपसवरच्या निम्म्या व्हिडिओंत किडनी फेल झालेली कोणीतरी असतेच. तिला तिच्या रिपोर्टबद्दल बोलायचं असेल तेव्हा ती बोलेल. तोपर्यंत तुम्ही आधी जे बोलायचात तेच बोला, ऑफिसमधल्या गॉसिप, कोणत्या मैत्रिणीचं लग्न, काय बघितलं, काय खाल्लं. तिच्या आयुष्यात सध्या तिला पेशंट न मानणारं एक तरी माणूस पाहिजे. आणि रिप्लाय नाही आला तर मनाला लावून घेऊ नकोस, मेसेजमध्येच लिही की उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, आणि चार दिवसांनी परत लिही. लोक पहिल्या महिन्यात फार धावतात आणि सहा महिन्यांनी कोणी नसतं. तू जरा सावकाश चाल पण सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी पण असशील अशी चाल.

करायचं काय, तर असं काहीतरी ज्याला सुरुवात आणि शेवट आहे. "काही लागलं तर सांग" म्हटलं की काय लागतं ते शोधायचं काम परत तिच्याच गळ्यात पडतं. त्यापेक्षा विचार, पुढची ओपीडी कधी आहे, मी त्या दिवशी सुट्टी टाकून येऊ का. संधिवाताच्या तज्ज्ञांची म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची ओपीडी म्हणजे अर्धा दिवस जातो, आपल्याकडे हे डॉक्टर मुळात कमी आणि आसपासच्या जिल्ह्यांतून पेशंट पुण्यालाच येतात, आधी रक्त-लघवी द्या, मग थांबा, मग नंबर. तिथे तिच्या शेजारी नुसती बसलीस तरी खूप आहे. आत जायचं का बाहेर थांबायचं ते तिला ठरवू दे. आत घेऊन गेली तर डॉक्टर बोलतात ते लिहून घे, कारण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला निम्मं ऐकूच येत नाही. आदल्या दिवशी दोघी मिळून प्रश्न लिहा, मागच्या वेळेपासून ताप किती वेळा आला, कुठले सांधे, तोंड आलं का, गालावर लाल चट्टा उठला का, तो कशाने वाढला, फोटो असतील तर तेही. एक फाइल कर, तारखेप्रमाणे रिपोर्ट लाव, सगळ्यात वर लघवीचा आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ताचा. लघवीचा यासाठी की ल्युपस किडनीत शिरतो तेव्हा सुरुवातीला काहीच दुखत नाही, लघवीतल्या प्रोटीनवरूनच कळतं. आणि बरं वाटायला लागलं की लोकं नेमकी तीच टेस्ट चुकवतात, त्या तारखा तू तुझ्या फोनमध्ये टाकून ठेवलेल्या बऱ्या. एचसीक्यूसाठी डोळ्यांची तपासणी असते ती पण.

नणंदेची एक मैत्रीण आहे, तिचं सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एचसीक्यू कोविडवर चालतं अशी हवा झाली आणि लोकांनी गोळ्या घरात भरून ठेवल्या, सरकारने मार्चमध्येच ती गोळी चिठ्ठीशिवाय मिळू नये म्हणून नियम कडक केले, पण तोवर ज्यांना ती रोज लागते त्यांनाच मेडिकलमध्ये मिळेना. ही बाई नणंदेचं प्रिस्क्रिप्शन घेऊन पास काढून स्कूटरवर गावभर फिरली, कुठे एक स्ट्रिप, कुठे दोन, असं करत महिन्याची सोय केली आणि पिशवी दाराला अडकवून निघून गेली. तिला ल्युपसबद्दल काय माहीत आहे असं विचारलं तर फार काही सांगता येणार नाही तिला. पण नणंद अजून तिचं नाव काढते.

भेटायचं असेल तेव्हा ऊन टाळ. उन्हाने ल्युपस भडकतो, नुसती त्वचा नाही, सांधे, ताप, सगळंच उठू शकतं, त्यामुळे दुपारी तुळशीबागेत हिंडायचे प्लॅन आता संध्याकाळी करायचे. पूर्ण बाह्या, छत्री, ५० एसपीएफचं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दोन तासांनी परत. गाडीच्या बाजूच्या काचेतूनही त्रास देणारे किरण येतात, तेव्हा खिडकीकडची सीट तू घे, आणि हे सगळं तिला लेक्चर न देता कर, तू पण छत्री उघड, संपलं. तुला सर्दी-ताप असेल तर जाऊ नकोस, तिच्या औषधांनी तिला इन्फेक्शन पटकन होऊ शकतं. आणि उपासाचं, नवरात्रात नऊ दिवस निरंकार करायची तिच्या घरी पद्धत असेल तर स्टिरॉइड काही खाल्ल्यावरच घ्यायचं असतं हे घरच्यांना कोणीतरी सांगायला हवं, ते तू सांग, ती सांगेल तर तिला वाईटपणा येईल.

चिडचिड झाली, मधेच रडली, रात्री दोनला ऑनलाइन दिसली तर त्यातलं काही स्टिरॉइडचं असतं, झोप उडते, मूड वरखाली होतो. तुझ्यावर निघालं तर ऐकून घे. पण सतत उदास, कशातच रस नाही, जगून काय उपयोग असं बोलायला लागली तर मात्र गप्प बसू नकोस, तिच्या डॉक्टरांना सांगायला लाव, सायकियाट्रिस्टकडे तू बरोबर जा.

काही गोष्टींत वाट बघायची नाही. जोराचा ताप, धाप, छातीत दुखणं, फिट, अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटणं, यासाठी लगेच हॉस्पिटल. पायावर-चेहऱ्यावर सूज, लघवीला फेस किंवा लालसर रंग, यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. तू सांगलीत आहेस, म्हणून तिच्या फ्लॅटमेटचा नंबर घेऊन ठेव आणि मैत्रिणीला विचारून त्या फ्लॅटमेटला एवढं सांगून ठेव.

अजून एक, ती वैतागून नोकरी सोडते म्हणाली तर थोडं थांबव. बऱ्याच कंपन्यांच्या ग्रुप इन्शुरन्समध्ये आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, बाहेर स्वतःची पॉलिसी घ्यायला गेली तर ल्युपस सांगावाच लागणार, मग कंपनी नाही म्हणू शकते किंवा आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. तिच्या पॉलिसीत काय लिहिलंय ते दोघी मिळून वाचा, वर्क फ्रॉम होमचं विचारा, मग ठरवू दे तिला.

आता काकूंचा फोन. त्या वाईट नाहीत, त्या घाबरल्यात. मुलीचं लग्न जमत होतं आणि आता लोक काय म्हणतील, मूल होईल का, हे सगळं त्यांच्या डोक्यात फिरतंय आणि बोलायला कोणी नाही म्हणून त्या तुला फोन करतात. त्यांना म्हण, काकू, मी कोणालाही सांगणार नाही, हा शब्द आहे माझा, कोणाला सांगायचं ते तीच ठरवेल. पण त्याबरोबर हेही सांग की मूल होऊ शकतं, ल्युपस असलेल्या कितीतरी बायका आई झाल्यात, आजार निदान सहा महिने शांत हवा, डॉक्टरांशी बोलून आधी प्लॅन करावं लागतं कारण काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, ती आधीच बदलतात, एचसीक्यू मात्र तेव्हाही चालू ठेवतात. लपवून लग्न करायच्या मी पूर्ण विरोधात आहे, आणि ते पोरीसाठीच. जी मुलगी रोज गोळ्या घेते, दर दोन-तीन महिन्यांनी तपासण्या करते, तिने नव्या घरात ते सगळं कपाटात दडवून करायचं, उन्हात उभं राहायचं, उपास करायचे, आणि एखाद्या दिवशी गोळी चुकवायची कारण सासूबाई समोर आहेत, यात तिचा आजारच वाढणार. आत्ता तर वर्षभर लग्नाचा विषयच नको, आधी आजार आटोक्यात येऊ दे.

हे काकूंना तू एकटीने पटवायला जाऊ नकोस, मैत्रिणीला आधी विचार की मी आईशी बोललेलं तुला चालेल का. ती हो म्हणाली तर काकूंना म्हण, पुढच्या ओपीडीला तुम्ही पण चला, लग्नाचं, मुलाचं, जे मनात आहे ते डॉक्टरांनाच विचारा, आणि त्या दिवशी पुण्याला येताना तुझ्याबरोबरच घेऊन ये त्यांना.